शेअरवर जप्ती: देणेकऱ्याच्या डिमॅट खात्यापर्यंत कोर्टाचा हात कसा पोहोचतो

दावा जिंकला, हुकूमनामा हाती आला आणि तरी पैसे येत नाहीत, हे दिवाणी कोर्टात गेलेल्या पुष्कळांच्या वाट्याला येतं. देणेकरी म्हणतो, माझ्याकडे काही नाही. घर आईच्या नावावर, गाडी कर्जावर, बचत खात्यात हजारभर रुपये. त्याच माणसाच्या डिमॅट खात्यात पंधरा-वीस लाखांचे शेअर असतात, म्युच्युअल फंडाची युनिटं असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. जप्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेलिफ येतो, दुकानातला माल येतो, शेतातला ट्रॅक्टर येतो. हाताला न लागणारी मालमत्ता जप्त होते हे पटकन सुचत नाही.

हा विषय किरकोळ नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर २०२५ साली जी आकडेवारी आली, तिच्यानुसार देशात सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती, म्हणजे हुकूमनामा बजावून घेण्याचे अर्ज, पडून होते आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. कायद्यात वाट असूनही वसुली अडते, कारण अनेकदा आपण चुकीच्या दारावर धडका मारत बसतो.

कायद्याची वाट जुनी आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या कलम ६० मध्ये जप्तीला पात्र मालमत्तेची यादी आहे आणि तिच्यात जमीन, घर, माल, हुंड्या यांच्या बरोबरीने सरकारी रोखे, बाँड आणि कंपन्यांचे शेअर स्पष्ट लिहिलेले आहेत. म्युच्युअल फंडाची युनिटं ‘विकता येण्याजोगी इतर मालमत्ता’ या शब्दांत बसतात. तेव्हा शेअर जप्त होतात का, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो हुकूम कुणाला बजावायचा हा.

१९०८ साली याचं उत्तर सोपं होतं. शेअर म्हणजे छापील प्रमाणपत्र आणि कंपनीच्या रजिस्टरमधली एक ओळ. कंपनीच्या अधिकाऱ्याला हुकूम गेला की त्या ओळीत बदल थांबायचा. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर चित्र बदललं. आता सूचिबद्ध कंपन्यांचे जवळजवळ सगळे शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींकडे इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या रूपात असतात. दोन्हींची मुख्य कार्यालयं मुंबईत आहेत. या कायद्याच्या कलम १० प्रमाणे कागदोपत्री नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी असते, पण ती फक्त हस्तांतर करता यावं यापुरती. लाभांश, मतदान, बोनस हे सगळे हक्क ज्याचं खातं आहे त्या लाभार्थी मालकाचे आणि शेअरवरची सगळी दायित्वंही त्याचीच. म्हणजे शेअर देणेकऱ्याचेच आहेत, जप्तही होतात, पण त्यांची कळ आता कंपनीच्या हातात राहिलेली नाही. ती डिपॉझिटरीच्या आणि तिच्या वतीने खातं चालवणाऱ्या बँकेच्या किंवा ब्रोकरच्या हातात आहे. या मधल्या दुव्याला डिपॉझिटरी पार्टिसिपंट, रोजच्या बोलण्यात डीपी, म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने पुण्यातल्या सुक्या मेव्याच्या दुकानदाराला उधारीवर माल दिला. चौदा लाख थकले. सांगलीच्या कोर्टात दावा झाला, व्याजासह रक्कम देण्याचा हुकूमनामा झाला. दुकानदार म्हणतो, धंदा बुडाला. व्यापाऱ्याला एवढंच ठाऊक आहे की हा गडी रोज सकाळी सव्वानऊला मोबाइलवर बाजार उघडून बसायचा.

व्यापाऱ्याने स्वतः डीपीला पत्र लिहून काहीही होणार नाही. डीपीने अशा पत्रावर खातं गोठवलं तर तोच अडचणीत येईल. खाजगी घेणेकऱ्याला कोर्टाचा हुकूमनामा, लवादाचा अंमलात आणण्याजोगा निवाडा किंवा लोकअदालतीचा निवाडा यांपैकी काहीतरी लागतंच, आणि मग दरखास्त. आपल्या उदाहरणात एक पायरी आणखी आहे. कोर्टाला आपल्या हद्दीबाहेरच्या मालमत्तेवर हुकूमनामा बजावता येत नाही, हे कलम ३९ मध्ये लिहिलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते ठासून सांगितलं आहे. दुकानदार पुण्याचा, त्याचं खातं पुण्याच्या शाखेतलं. तेव्हा हुकूमनामा पुण्याच्या कोर्टाकडे वर्ग करून घेणं शहाणपणाचं. हद्दीचा आक्षेप समोरचा वकील घेणारच, आणि त्यात गेलेले महिने शेअरच्या बाबतीत फार महाग पडतात.

आधी शोध

शेअर कुठे आहेत हे कळल्याशिवाय हुकूम कुणावर काढणार? इथे संहितेचा आदेश २१, नियम ४१ कामी येतो. पैशाचा हुकूमनामा तीस दिवस भागला नाही, तर देणेकऱ्याने आपल्या मालमत्तेचा तपशील प्रतिज्ञापत्रावर द्यावा असा हुकूम मागता येतो. त्याने तो मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

पण ‘मालमत्तेचा तपशील द्या’ एवढंच मागितलं की उत्तरही तसंच मोघम येतं. म्हणून अर्जात नेमकं मागावं: पॅन, सगळ्या डिमॅट खात्यांचे सोळा अंकी-अक्षरी क्रमांक आणि कन्सॉलिडेटेड अकाउंट स्टेटमेंट. हे शेवटचं स्टेटमेंट फार मोलाचं आहे. एका पॅनवर एनएसडीएल, सीडीएसएल आणि म्युच्युअल फंडांच्या फोलिओंमध्ये जे काही आहे ते त्यात एकत्र येतं. कोणत्या महिन्यात किती शेअर खात्यातून बाहेर गेले हेही दिसतं. हुकूमनामा होण्याच्या आदल्या महिन्यात चारशे शेअर बाजाराबाहेरच्या व्यवहाराने मेहुण्याच्या खात्यात गेले असतील, तर ती ओळ तिथे असतेच.

राहुल शहा प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैशाच्या दाव्यात मुद्दे काढण्याआधीच, म्हणजे वाद नेमका कशावर आहे हे कोर्टाने ठरवण्याआधीच, प्रतिवादीकडून मालमत्तेचा खुलासा शपथेवर मागवता येईल आणि दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी. दुसरी अपेक्षा कितपत पाळली जाते हे वरच्या आकड्यावरून दिसतं. पहिली तरतूद मात्र खरोखर उपयोगाची आहे आणि ती मागितली जात नाही याची मला खंत वाटते.

मनाई हुकूम

शेअरची जप्ती म्हणजे उचलून नेणं नव्हे, मनाई करणं. आदेश २१, नियम ४६ प्रमाणे कोर्ट लेखी हुकूम काढतं. त्याचा गाभा दोन गोष्टींचा: ज्याच्या नावावर शेअर आहेत त्याने ते हस्तांतरित करू नयेत आणि त्यांवरचा लाभांश घेऊ नये. एक प्रत कोर्टाच्या इमारतीत ठळक जागी लागते, दुसरी कंपनीच्या संबंधित अधिकाऱ्याला जाते. नियमाचे शब्द आजही तसेच आहेत, म्हणून कित्येक अर्जांत फक्त कंपनीला हुकूम पाठवण्याची मागणी असते. कंपनी कळवते की शेअर डिमॅटमध्ये आहेत, आमच्याकडे काही करता येत नाही. तोवर खातं रिकामं झालेलं असतं.

हुकूम डिपॉझिटरीला हवा, डीपीला हवा, फंडाची युनिटं डिमॅटबाहेर असतील तर फंड कंपनीला आणि तिच्या रजिस्ट्रारला, म्हणजे युनिटधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, हवा. देणेकऱ्याचं नाव, पॅन आणि खाते क्रमांक तिन्ही त्यात असावेत. नुसतं नाव लिहिलेला हुकूम चौकशीच्या पत्रव्यवहारात अडकतो, कारण एका नावाची माणसं शेकड्यांनी असतात. बरोबर लिहिलेला हुकूम पोहोचला की खात्यावर डेबिट फ्रीझ लागतं: शेअर आत येऊ शकतात, बाहेर जाऊ शकत नाहीत.

लाभांशाची भानगड वेगळी आहे. तो डिमॅट खात्यात येत नाही. कंपनी तो थेट बँक खात्यात पाठवते. म्हणजे शेअर गोठलेले आणि लाभांश मात्र देणेकऱ्याच्या खिशात, असं होऊ शकतं. त्यासाठी कंपनीलाही हुकूम लागतो किंवा बँक खातं वेगळं जप्त करावं लागतं.

जप्तीनंतर देणेकऱ्याने मालमत्ता परस्पर विकली तर कलम ६४ नुसार तो व्यवहार जप्तीच्या हक्कापुढे टिकत नाही. जमिनीच्या बाबतीत हे संरक्षण भक्कम आहे. सातबारा तिथेच असतो, विकत घेणारा माणूस सापडतो. शेअर बाजारात विकले गेले तर समोरचा खरेदीदार कोण हे कुणालाच कळत नाही. मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे दोन्ही बाजूंचे सौदे पुरे करून देणारी संस्था, असते आणि डिमॅटमधल्या शेअरला वेगळा ओळख क्रमांकही नसतो, एका कंपनीचा कुठलाही शेअर दुसऱ्यासारखाच. जानेवारी २०२३ पासून सौदा दुसऱ्या दिवशी पुराही होतो. कलम ६४ हातात धरून कुणाच्या मागे धावणार? म्हणून शेअरच्या बाबतीत सगळी मदार फ्रीझ वेळेवर लागण्यावर आहे.

आणि इथे कायदा घेणेकऱ्याच्या बाजूने आहे. हुकूमनामा होऊन दोन वर्षं उलटली नसतील तर दरखास्तीची आगाऊ नोटीस देणेकऱ्याला द्यावी लागत नाही. दोन वर्षं उलटली असली, तरी नोटिशीने हेतूच फसेल असं कारण नोंदवून कोर्ट ती टाळू शकतं. हुकूमनामा झाल्यावर ‘बघू, देईल हळूहळू’ म्हणत वर्षं काढणारे लोक हा फायदा स्वतःहून सोडतात.

विक्री

घर विकायचं तर लिलाव. शेअरसाठी आदेश २१, नियम ७६ मध्ये वेगळी सोय आहे: कोर्ट ब्रोकरमार्फत विक्रीची परवानगी देऊ शकतं. बाजारभाव रोज जाहीर असताना लिलाव पुकारण्यात काय अर्थ? सही कोण करणार, हा प्रश्न नियम ८० सोडवतो. देणेकरी सही करत नसेल तर न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी त्याच्या वतीने सही करतो. सहीचा मसुदाही नियमातच दिला आहे, साधारण असा: ‘अमुक, तर्फे तमुक, या न्यायालयाचे न्यायाधीश’. आज त्याचंच रूप म्हणजे डीपीला कोर्टाने दिलेली हस्तांतराची सूचना. मुंबई उच्च न्यायालयात अशा कामासाठी कोर्ट रिसीव्हरचं, म्हणजे कोर्टाच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याचं, कार्यालयच आहे.

देणेकऱ्यालाही इथे हक्क आहेत. जप्त मालमत्तेची किंमत शक्य तितकी येण्याच्या रकमेइतकीच असावी, आणि विक्रीही लागेल तेवढीच व्हावी. चौदा लाखांसाठी साठ लाखांचं खातं गोठवलं असेल तर जास्तीचं मोकळं करून मागता येतं. गोठलेल्या काळात भाव पडले तर नुकसान देणेकऱ्याचंच, कारण कर्ज तेवढंच राहतं. अशा वेळी ‘विकून रक्कम कोर्टात भरा’ असा अर्ज त्याने स्वतः करणं पुष्कळदा त्याच्याच हिताचं असतं.

रांगेत कोण पुढे

आपल्या बेदाणा व्यापाऱ्याने खातं गोठवलं आणि पाहिलं तर निम्मे शेअर बँकेकडे तारण. आता? तारण ठेवून घेणारा पुढे, जप्ती आणणारा मागे. १९७१ साली बिहारच्या एका साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. बँकेकडे गहाण असलेली साखर सरकारने उसाच्या थकबाकीसाठी उचलली होती. न्यायालय म्हणालं, बँकेचं येणं आधी भागलं पाहिजे. ब्रोकरकडे मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यांची हमी म्हणून, प्लेज (तारण) केलेल्या शेअरनाही हेच तत्त्व लागू पडतं.

तारण आहे म्हणून सगळं संपलं, असं मात्र नाही. पीटीसी इंडिया फायनान्शियल सर्व्हिसेसच्या खटल्यात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सावकाराने डिपॉझिटरीच्या नोंदीत स्वतःचं नाव लाभार्थी मालक म्हणून लावून घेतलं, एवढ्याने विक्री होत नाही. करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे वाजवी नोटीस देऊन तिसऱ्याला खरोखर विकल्याशिवाय शेअर सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क शाबूत राहतो. तो हक्क शाबूत, म्हणजे बँकेचं देणं फिटल्यावर उरणारी रक्कमही त्याची आणि ती जप्त करता येते. दहा लाखांच्या तारणावर चार लाखांचंच कर्ज असेल तर वरचे सहा लाख सोडून देऊ नयेत.

दुसरा धक्का कलम ७३ चा. विक्रीचे पैसे कोर्टात येण्याआधी त्याच देणेकऱ्याविरुद्ध आणखी कुणी दरखास्त दिली असेल, तर पैसे प्रमाणात वाटले जातात. शोध तुम्ही घेतला, खातं तुम्ही गोठवलं, तरी वाटा सगळ्यांना. सरकारी येण्याचा हक्क आणखी निराळा. आणि देणेकरी दिवाळखोर ठरला, तर तोवर वसूल झालं तेवढंच हाती राहतं. व्यक्तीच्या दिवाळखोरीला मुंबईत अजून १९०९ चा कायदा लागतो, उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा.

दावा चालू असतानाच खातं गोठवता येतं का? येतं, आदेश ३८, नियम ५ खाली, पण सहजासहजी नाही. प्रतिवादी हुकूमनामा हाणून पाडण्याच्या हेतूने मालमत्ता विकतोय किंवा हद्दीबाहेर नेतोय हे दाखवावं लागतं. विनातारण कर्जाला मागच्या दाराने तारणाचं रूप द्यायला ही तरतूद नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सोळंकी ट्रेडर्सच्या खटल्यात म्हटलं. माझ्या मते ते योग्यच आहे, कारण दावा लावणारा प्रत्येक जण खरा असतोच असं नाही.

काय सुटतं

पीपीएफ, भविष्यनिर्वाह निधी आणि देणेकऱ्याच्या स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम यांना जप्ती लागत नाही. संसार पार उघडा पडू नये हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात आणखी एक सवलत आहे: सहकारी संस्थेतला सभासदाचा भाग, मग ती पतसंस्था असो की गृहनिर्माण संस्था, सहकार कायद्याच्या कलम ४६ नुसार बाहेरच्या कर्जासाठी जप्त होत नाही. यावरून कुणी म्हणालं, मग सोसायटीतला फ्लॅटही सुटला, तर तसं नाही. मुंबईच्याच एका प्रकरणात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने फ्लॅटवरचा सभासदाचा हक्क जप्त होऊ शकतो असं ठरवलं.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअर जप्त होतात, पण ते विकत घ्यायला गिऱ्हाईक मिळणं कठीण. कंपनीच्या नियमावलीत हस्तांतरावर बंधनं असतात. आणि भागधारकाचं कर्ज म्हणून कंपनीची इमारत, यंत्रं यांना हात लावता येत नाही. कंपनी वेगळी, भागधारक वेगळा.

दुसऱ्याच्या नावावरचे शेअर

कलम ६० फक्त देणेकऱ्याच्या नावावरच्या मालमत्तेपुरतं नाही. दुसऱ्याच्या नावावर पण त्याच्यासाठी धरून ठेवलेली मालमत्ताही त्यात येते. बायकोच्या नावाचं खातं, पैसे नवऱ्याचे, सौदे नवऱ्याच्या फोनवरून, हे सिद्ध झालं तर तिथेही जप्ती पोहोचते. उलट, बायकोचे शेअर खरोखर तिच्या पगारातले असतील तर ती आदेश २१, नियम ५८ खाली हरकत घेऊ शकते. मालकीचा निकाल तेच कोर्ट देतं, वेगळा दावा लागत नाही.

नॉमिनीबद्दल मोठा गैरसमज होता. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने नॉमिनीच शेअरचा मालक होतो असं म्हटलं होतं. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर वारसांत उभ्या राहिलेल्या वादात आधी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये आणि मग सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी ते मत बाजूला सारलं. वारसांचा हक्क नॉमिनीमुळे जात नाही. घेणेकऱ्यालाही हे लागतं: देणेकरी वारला तर त्याच्या इस्टेटीपुरती जबाबदारी कायदेशीर प्रतिनिधींवर येते, आणि नॉमिनीकडे गेलेले शेअर त्या इस्टेटीचाच भाग असतात.

सरकारी यंत्रणांची वाट मात्र कोर्टातून जात नाही. आयकर खातं आणि शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी यांच्या वसुली अधिकाऱ्यांना डिमॅट आणि बँक खाती थेट जप्त करण्याचे अधिकार आहेत. याचं सर्वांत टोकाचं रूप मुंबईने १९९२ साली पाहिलं. हर्षद मेहता प्रकरणानंतर विशेष न्यायालयाचा कायदा आला. त्यात एखाद्याचं नाव अधिसूचित झालं की त्याच क्षणी त्याची सगळी मालमत्ता आपोआप जप्त. वाटपाचा क्रमही कायद्यानेच ठरवला: आधी कर, मग बँका आणि वित्तसंस्था, मग उरलेले. शेअर तेव्हा कागदी होते. ज्यांनी ते बाजारातून पैसे मोजून घेतले होते पण स्वतःच्या नावावर करून घ्यायचे राहिले होते, त्यांच्या हातातले कागद ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेले, ठरले आणि साध्या गुंतवणूकदारांना ते आपले आहेत हे विशेष न्यायालयापुढे दाखवत बसावं लागलं. कागदापेक्षा नोंद महत्त्वाची, हे त्या माणसांनी फार सोसून पाहिलं.

परदेशातल्या हुकूमनाम्यांचंही थोडक्यात. संयुक्त अरब अमिराती जानेवारी २०२० पासून परस्पर मान्यतेच्या यादीत आहे. दुबईच्या कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात थेट बजावता येतो. दुबईत कर्ज काढून परतलेल्या माणसाचं ठाण्यातलं डिमॅट खातं त्यामुळे सुरक्षित राहिलेलं नाही. अमेरिका त्या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे नव्याने दावा लावावा लागतो.

हुकूमनामा बजावण्याची मुदत बारा वर्षांची आहे आणि पहिली दरखास्त काही न मिळता निकाली निघाली तरी त्या मुदतीत दुसरी देता येते. आज रिकामं निघालेलं डिमॅट खातं सहा वर्षांनीही रिकामंच असेल असं नाही, आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र नव्या दरखास्तीत पुन्हा मागता येतं.